मात्रा

भाऊंच्या दुकानात सोमलाला वेगळा खण होता,
किल्ली करगोट्याला बांधलेली.
खालच्या खणात हरताळ, मनशीळ, हिंगूळ,
आणि रविवार कारंजावरून आत येणारी धूळ
सगळ्यांवर सारखीच.

मी आता गंगापूर रोडला, कॉलेजच्या मागच्या खोलीत
तोच सोमल विरघळवते,
इतका पातळ की भाऊ म्हणाले,
"ह्याला सोमल म्हणतेस? ही तर सोमलाची आठवण झाली."

तीन बाटल्या आहेत, सदतीस अंशांवर निजलेल्या.
निजलेल्या म्हणायचं एवढंच,
दीड-दोन दिवसांत आतली गर्दी दुप्पट होते.
ज्या बाईच्या रक्तातून ह्या पेशी आल्या
ती केव्हाच गेली. कुठली, काय नाव,
बाटलीवर फक्त अक्षरं आणि आकडा.
निफाडला पारा चारवर उतरलेल्या रात्री
तिचं रक्त इथे उबेत आहे,
सातपूरहून आलेल्या सिलिंडरच्या श्वासावर.

आजार म्हणजे एवढाच:
पंधरावं आणि सतरावं गुणसूत्र तुटलं
आणि बांधणाऱ्याने एकाची पानं दुसऱ्याच्या पोथीत शिवली.
त्यातून एक ओळ तयार झाली,
मोठी होऊ नकोस, नुसती वाढत जा.
पेशी ती ओळ पाळते.
पोटात काड्यांची मोळी, चूल मात्र पेटवायची नाही.

पहिल्या बाटलीत मी काही घातलं नाही.
दुसरीत अर्धा मायक्रोमोलर.
तिसरीत दोन.

पाचव्या दिवशी
पहिलीत गंगेवरच्या बुधवारच्या बाजाराची दाटी,
पाणी पिवळं पडलेलं.
तिसरीत निळा रंग टाकला.
जिवंत पेशी तो दारातूनच परतवते,
मेलेलीला दार नसतं.
चौकटीमागून चौकट निळी.
काही अजून पांढऱ्या, पण कडांना फुगे,
आतलं केंद्र तुकड्यांत बांधून ठेवलेलं,
सामान आवरून टांग्याची वाट बघणाऱ्या घरासारखं.

दुसरी मी दोनदा मोजली.
मेलेल्या फारशा नव्हत्या. वाढलेल्याही नव्हत्या.
वाटलं, हात चुकला.
मग काचेवर पसरून रंगवल्या
आणि भिंगाखाली बराच वेळ बसून राहिले.
केंद्रांना खाचा पडत होत्या. मोळ्या सुटल्या होत्या.
उनाड पोरानं एक दिवस कुणी न सांगता
गिरणीतून दळण आणून ठेवावं, तसं काहीतरी.
आणि जी मोठी होते
तिला मरणही येतं, आपलं आपण, वेळेवर.

भाऊंच्या वडिलांकडून पोथी लिहिणारे हरताळ न्यायचे.
चुकल्या अक्षरावर पिवळा लेप, सुकला की वर नीट अक्षर.
पान फाडत नसत.
मी दुसऱ्या बाटलीचं सांगितलं तेव्हा
भाऊंनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं:
वद.
वेद.
वैद.
"तिसरी द्यायला," म्हणाले, "लिपीत जागाच नाही."

विषाच्या जुन्या नोंदवहीत एक पान आहे.
सगुणा कासार, भांडीबाजार. सोमल अर्धा तोळा.
कारण: उंदीर.
आणि समासात, शाई बदलून, बारीक: तुरटी दिली.
"का?" मी विचारलं.
"उंदरांसाठी आलेली बाई भाव करते.
हिने केला नाही."
"मग परत आली?"
"आठ दिवसांनी. हिंग न्यायला.
उंदरांचं मी विचारलं नाही, तिनं काढलं नाही."

रात्री माझ्या वहीत मी नोंद केली:
बाटली दोन, दिवस पाच, संख्या स्थिर, रूप बदललेलं.
कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं.
ती मोळी नेमकी कुणी सोडली,
सोमलानं, की पेशीनंच,
ते मला अजून नीट सांगता येत नाही.
"पुन्हा मोजणे," एवढं लिहिलं,
उबवणीचं दार लागलंय ना ते दोनदा दाबून पाहिलं
आणि दिवा मालवला.